भजनात इलेक्ट्रिक गिटार: सिस्टर रोझेटा थार्प

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आमच्या भजनी मंडळात भाच्याने इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा ज्येष्ठांनी हरकत घेतली. देवाच्या गाण्यात हे वाद्य आधी कोणी रुजवले?

उत्तर १: सिस्टर रोझेटा थार्प यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१५ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात जन्मलेल्या रोझेटा, मँडोलिन वाजवणाऱ्या धर्मप्रचारक आईसोबत लहानपणीच चर्चमध्ये गाऊ लागल्या. १९३८ मध्ये डेक्का कंपनीने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, पण नाइट क्लबात भक्तिगीते गायल्याने अनेक चर्चवासी दुखावले.

उत्तर २: त्यांचे १९६४ चे मँचेस्टरमधील चित्रीकरण पाहाच. बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या ओल्या फलाटावर, अंगात कोट आणि गळ्यात पांढरी गिटार अशा त्या उभ्या राहतात, आणि पहिल्याच सुराला माझ्या अंगावर काटा येतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गुरुवारच्या भजनाआधी ज्येष्ठांना तेच दाखवतो.