फ्यूज काढण्याआधी हुक कुठे थांबलाय ते बघा
काही जुन्या गाड्यांत खांद्याचा सीटबेल्ट छोट्या मोटारीने आपोआप सरकून अंगावर येतो; तो बिघडला की त्या मोटारीचा फ्यूज काढून टाका असं सांगतात ते ठीकच आहे, पण कधी काढायचा ते कोणीच लिहिलं नाही आणि सगळं त्यावरच आहे. दारावरच्या पट्टीतून सरकणारा, सीटबेल्टचं वरचं टोक धरणारा हुक पार मागे, खांद्यामागच्या खांबाशी जाऊन लॉक झाला पाहिजे, मगच मोटारचं कनेक्शन तोडा, आणि मग खांद्याजवळचं इमर्जन्सी बक्कल हाताने लावत-काढत जा. हुक पुढे काचेजवळ अडकला असेल तर गाडी काढूच नका. माझ्या जुन्या गाडीत मोटार घरघरायची पण हुक जागचा हलेना, उघडून पाहिलं तर आतल्या प्लास्टिकच्या पट्टीचे दाते साफ झिजलेले, मोटार मात्र ठणठणीत, म्हणून आधी आवाज येतोय का ते नीट ऐका.

आणि कृपा करून कमरेचा पट्टा विसरू नका. अमेरिकेत १९९० च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कार्सना एअरबॅग नाहीतर ऑटोमॅटिक पट्टा सक्तीचा झाला, पण अशा मोटारवाल्या गाड्यांत आपोआप येतो तो फक्त खांद्याचा, कमरेचा हातानेच लावायचा असतो. तो नसेल तर धडकेत माणूस खालून सरकतो आणि वरचा पट्टा थेट मानेवर येतो.