टंचाईच्या काळात लहान शहराचे पाणीवाटप

प्रश्न : जलाशयातील साठा झपाट्याने घटत असताना नगरपालिकेने दिवसाआड पाणी सोडावे, की रोज परंतु कमी दाबाने द्यावे? दिवसाआड पुरवठ्याने खरोखर बचत होते का?

पहिले उत्तर : अपेक्षेइतकी होत नाही. पुढचे पाणी कधी येईल याची धास्ती असल्यामुळे लोक पिंपे, हंडे, बादल्या काठोकाठ भरून ठेवतात आणि नळ आला की उरलेले ‘शिळे’ पाणी ओतून देतात. त्याहून गंभीर बाब अशी की, रिकाम्या जलवाहिनीतील दाब उतरताच फुटक्या सांध्यांमधून सांडपाणी आत शिरते. नळाला सुरुवातीला येणारे गढूळ पाणी हे बहुधा त्याचेच लक्षण असते.

दुसरे उत्तर : सहमत आहे, मात्र दाब सरसकट उतरवला तर उंचावरील वस्त्या कोरड्या राहतात, आणि हा अन्याय मला मान्य नाही. म्हणून विभागवार व्हॉल्व्ह बसवून, पहाटे २ ते ४ या वेळेत प्रत्येक विभागाचा प्रवाह मोजावा. सर्व झोपलेले असतानाही मीटर वेगाने फिरत असेल, तर ती बहुतांशी गळतीच असते. केप टाउनने २०१८ मध्ये माणशी दररोज ५० लिटरची मर्यादा घातली, परंतु त्याच्या जोडीला दाबनियंत्रणही केले होते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग टँकर कोणाला प्रथम द्यावेत?

दुसरे उत्तर : रुग्णालये आणि नळजोडणी नसलेल्या वस्त्यांना. फेऱ्यांचे वेळापत्रक चौकाचौकांत लावावे.