अर्थच लागत नाही अशा शॉर्टफिल्म: भारी की नुसता आव?

तर्रीवाला:
काल चेक ॲनिमेशनवाल्या यान श्वांकमायेरची १९८२ ची 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग' पाहिली बे, डोकं आऊट! भाज्या-फळांचं एक मुंडकं, भांड्याकुंड्यांचं दुसरं, एकमेकांले गिळून राहिले अन् ओकून राहिले, दर वेळी आणखी बारीक भुगा, शेवटी मातीची एकसारखी मुंडकी उरतात न तीच ती ओकत बसतात. टीव्हीवरची रात्रीची चर्चाच आठवली मले. दोस्त म्हणे याचा अर्थ काय? अर्थ कायले पाहिजे, आतून हललो ना, बस झालं.

महालकर:
टीव्हीची चर्चा आठवली म्हणजे अर्थ लावूनच मोकळा झाला ना भाऊ तू 😄 ती फिल्म समजते म्हणून आवडली. खरी न समजणारी म्हणजे दिग्दर्शक बुन्युएल अन् चित्रकार दालीची १९२९ ची 'अँ शियाँ आंदालू', डोळ्यावर वस्तरा फिरवते ती. ज्याचं कारण सांगता येईल असं काहीच घ्यायचं नाही हे त्या दोघांनी ठरवूनच ठेवलं होतं, अन् लोक अजून तळहातावरच्या मुंग्यांचा अर्थ शोधून राहिले. मला तर नुसता धक्का द्यायचा धंदा वाटते.

सदरची ताई:
धंदा काय! श्वांकमायेरच्या त्या स्टॉप-मोशनमध्ये माती जराशी दाबायची, एक फ्रेम घ्यायची, परत दाबायची. सेकंदाला २४ फ्रेम, एकच पोज दोनदा वापरली तरी मिनिटाला ७२० पोज झाल्या. आव आणायला कोण एवढं मरतं?

महालकर:
ताई, मेहनत सावजीवालाही करते, पण रस्सा जमला पाहिजे ना. गीतांजली रावची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) पाहा. म्हातारी, तिची मांजर, घर सगळं करडं, अन् काडेपेटीवरच्या चित्रात शिरली की रंगच रंग. स्वप्नच आहे ते पण, तरी बाईचा एकटेपणा पकडता येते.

तर्रीवाला:
ती छानच आहे, पण पाहून झोप लागली मले. श्वांकमायेरच्या त्याच फिल्मच्या दुसऱ्या भागानं नाही लागू दिली. मातीचे बाई-माणूस प्रेमात विरघळतात, मग वेगळे होतात तं मधे एक छोटासा गोळा उरते, दोघांनाही नको असते, एकमेकांकडे ढकलतात अन् शेवटी एकमेकांचे चेहरे ओरबाडतात. मूल म्हणा, आणखी काही म्हणा. मी नाव देत नाही, नाव दिलं की भेव जाते.

महालकर:
मूल म्हणूनच भेव वाटलं तुले, कबूल कर 😜

सदरची ताई:
मला तर तो गोळा मूल वाटलाच नाही. भांडणच वाटलं ते, पहिल्या दिवशीचं.