परदेशातील वास्तव्य आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट

प्रश्न: कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीसाठी (कुशल कामगारांना कायमस्वरूपी वास्तव्य देणारी योजना) मी अर्ज करणार असून, गेल्या १० वर्षांत सलग २ वर्षे अमेरिकेत आणि ४ महिने जर्मनीत राहिलो आहे. दोन्ही देशांची पोलीस प्रमाणपत्रे (गुन्हेगारी नोंद आहे की नाही हे सांगणारी) लागतील का, आणि अमेरिकेचे जुने प्रमाणपत्र चालेल का?

उत्तर १: वयाच्या १८व्या वर्षानंतर, गेल्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने किंवा त्याहून अधिक काळ राहिलात, त्याच देशाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे जर्मनीचा प्रश्न उरत नाही. अमेरिकेतील शेवटच्या वास्तव्यानंतर काढलेले असेल, तर जुनेही ग्राह्य धरले जाते. सध्या ज्या देशात राहता, तेथील प्रमाणपत्र मात्र अर्जापूर्वीच्या ६ महिन्यांतलेच हवे.

उत्तर २: अमेरिकेसाठी एखाद्या राज्याच्या पोलिसांचे नव्हे, तर एफबीआय या तेथील केंद्रीय तपास संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि ते बोटांच्या ठशांवरून मिळते. माझ्या कोरड्या त्वचेमुळे अंगठ्याच्या रेषा शाईत इतक्या पुसट उमटल्या की ठसे नाकारले गेले आणि सगळे पुन्हा करावे लागले. म्हणून ठशांची दोन-तीन कार्डे एकदम भरून, त्यांतले स्पष्ट तेवढेच पाठवणे शहाणपणाचे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माझे प्रमाणपत्र अमेरिका सोडण्यापूर्वीचे निघाले, म्हणजे ठसे आलेच!