जमिनीच्या हद्दी कशात साठवायच्या: ४३२६ की यूटीएम?

गटवाला: पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये गटांच्या हद्दी टाकताना दर प्रकल्पात तोच वाद. माझं मत: सगळं एसआरआयडी (आकडे कोणत्या मोजपद्धतीतले ते सांगणारा क्रमांक) ४३२६ मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशात ठेवा. जीपीएस तेच देतं. क्षेत्रफळ हवं तेव्हा जिओग्राफीत, म्हणजे पृथ्वीची गोलाई धरणाऱ्या डेटा-प्रकारात, कास्ट करा (बदलून घ्या), उत्तर चौरस मीटरमध्ये मिळतं. बाकी एसआरआयडी म्हणजे नसती डोकेदुखी.

मोजणीदार: साफ नामंजूर. जिओग्राफीला निम्मी फंक्शन्स चालत नाहीत, वर ती हळू. कास्ट विसरलात की क्षेत्रफळ काढणारं एसटी_एरिया चौरस अंशांत उत्तर देतं, त्याचं काय लोणचं घालायचं? आमच्याकडे एकाने वेब नकाशाच्या ३८५७ मध्येच क्षेत्रफळ काढलं. पुण्याच्या अक्षांशावर ते ११ टक्क्यांनी फुगतं: ४० गुंठ्यांचा एकर ४४ च्या वर! इथे हातभर बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात. ३२६४३ घ्या, म्हणजे यूटीएम ४३: पृथ्वीचे उभे पट्टे पाडून सपाट मोजायच्या पद्धतीतला ४३ वा पट्टा. सरळ मीटर.

वऱ्हाडी_नकाशा: महाराष्ट्र पुण्यातच संपतो का हो? ४३ चा पट्टा ७८ पूर्व रेखांशाला संपतो. अमरावती शहर ४३ मध्ये, त्याच जिल्ह्यातलं वरूड ४४ मध्ये. नागपूर, वर्धा तर पलीकडेच. एका कॉलमात दोन एसआरआयडी मिसळून एसटी_इंटरसेक्ट्स (हद्दी एकमेकींना भिडतात का ते पाहणारं फंक्शन) चालवा, थेट एरर. राज्यभर एकच हवं तर ७७६७ आहे की, खास महाराष्ट्रासाठीचं.

मोजणीदार: ७७६७ लँबर्ट कॉनफॉर्मल आहे. आकार राखतं, क्षेत्रफळ नाही.

गटवाला: म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! साठवा ४३२६ मध्ये, हिशेबापुरतं क्वेरीत एसटी_ट्रान्सफॉर्म करा, म्हणजे दुसऱ्या एसआरआयडीत बदलून घ्या.

मोजणीदार: आणि व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, ट्रान्सफॉर्म घातला की शोध वेगवान करणारा साधा इंडेक्स निकामी. त्यासाठी बदललेल्या आकड्यांवर वेगळा फंक्शनल इंडेक्स करावा लागतो, तो कुणी करत नाही.

जुनी_टोपोशीट: मुळात लेबलच चुकलं असेल तर? सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट लंबगोलावरची (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित), कल्याणपूर डेटमची (मोजणीचा जुना आधार). त्यावरून काढलेल्या हद्दींना लोक बिनधास्त एसटी_सेटएसआरआयडीने ४३२६ चिकटवतात. त्याने आकडे बदलत नाहीत, फक्त चिठ्ठी बदलते. हद्द जमिनीवर शंभरेक मीटर सरकलेली राहते. आधी खरा एसआरआयडी लावा, मग ट्रान्सफॉर्म.

गटवाला: हे पटलं. मूळ डेटा त्याच्याच एसआरआयडीत वेगळ्या टेबलात ठेवू. मुख्य टेबल मात्र ४३२६ च.

मोजणीदार: ठेवा. पण आधी फंक्शनल इंडेक्स कोण करणार, त्याचं नाव लिहा.