शेंदूर निघाला आणि आत भलताच कोणी निघाला

माणदेशी_बांधकरी

मंडळी, जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आमचं रान माण तालुक्यात, दोन गावांच्या शिवेला. बांध गाडीवाटेला मिळतो तिथं लिंबाखाली म्हसोबा. देऊळबिऊळ काही नाही. गुडघ्याएवढा शेंदरी दगड, पुढं चार विटांचा कट्टा, आणि शेजारी चुन्याची बोटं ओढलेले सात गोटे, त्या आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. आसरा खरं तर पाण्यावर असतात. पण आजी सांगायची, तिथं पूर्वी आड होता, तो बुजला. बाया कुठं जाणार, राहिल्या तिथंच.

घरातून सालाला दोन मान. पेरणीआधी नारळ, आणि बाजरीचं खळं उरकलं की दहीभाताचा निवद. वडिलांनी मोटरसायकल घेतली तेव्हा ती आधी तिथं गेली, मग घरी आली. मी पुण्यात शिकायला निघालो तेव्हा एसटी पकडायच्या आधी आईनं तिथं उभं केलं होतं. वैतागलो होतो, गाडी चुकेल म्हणून.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद करायचं काम आलं. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं होतं, सकाळी या, तुमच्या हातानं हलवा. आम्ही नारळ घेऊन सातला पोचलो, तर यांनी सहालाच जेसीबीनं उचलून मुरमाच्या ढिगावर टाकलेला. शेंदराचं कवच फुटून ताटलीएवढा तुकडा निघाला होता. चांगला बोटभर जाड. कडेनं बघितलं तर कांद्यासारखे पापुद्रे: भगवा, विटकरी, काळपट, परत भगवा. एका पापुद्र्यात बेगडीचा तुकडा अजून चमकत होता. कुणाच्या लग्नातला असेल कुणास ठाऊक.

आणि आत कोरलेला दगड. खाली ढाल-तलवारवाला माणूस, त्याच्यामागं चार गुरं. मधल्या पट्टीत तोच माणूस, दोन्ही अंगांना बाया. वर पिंड, तिच्यापुढं हात जोडून कुणीतरी. शेंड्याला चंद्र-सूर्य.

तर हे काय आहे? आणि मग आम्ही इतकी वर्षं नारळ फोडले ते कुणाला? चुलते म्हणतात गावात मारुतीच्या देवळात नेऊ, भाऊ म्हणतो संग्रहालयात देऊ. आई म्हणते, शिवेवरचा गावात आणत नसतात. का, विचारलं तर म्हणाली, "आणत नसतात म्हणजे आणत नसतात."

दगडधोंडे

वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्याच्या आठवणीचा दगड. खालून वर वाचायची. तळाला लढाई आणि मरण, मध्ये अप्सरा वीराला घेऊन निघाल्यात, वर तो शिवलोकात पिंडीची पूजा करतोय. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. तळाला गुरं आहेत म्हणजे गडी गावची जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला. त्या काळात गुरं गेली की गावाची शेती, दूध, खत सगळंच गेलं. तेव्हा हे मरण राजासाठी नव्हतं, तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी गोठ्यासाठी होतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा वीरगळी यादव-शिलाहारांच्या काळाच्या आगेमागे धरतात. कर्नाटकात त्यांवर लेख भरपूर सापडतात, आपल्याकडच्या बहुतेक मुक्या. त्यामुळं नाव विसरलं जातं, दगड उरतो, कुणीतरी शेंदूर लावतं आणि म्हसोबा किंवा विरोबा होऊन बसतो.

आजूबाजूला बघा, कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड मिळाला तर ती सतीशिळा, बहुधा याचीच बायको.

आणि एक विनंती. तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात लावू नका. जुना शेंदूर म्हणजे शिसं, तुकडे पोरांच्या हातात देऊ नका, स्वतःही हात धुवा.

जुनी_पायवाट

वर दगडाचं उत्तर आलं, पण मला विचाराल तर तुमच्या आईचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. या देवांचं मूळ दगडात नसतं, जागेत असतं.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि मावळ पायाखाली घालत हेच शोधत हिंडले. त्यांना उघड्यावरच्या देव-देवींच्या ठिकाणांजवळ गारगोटीची बारीक हत्यारं सापडत गेली, म्हणजे गाव वसायच्या कितीतरी आधीचा माणसाचा वावर. त्यांचं म्हणणं असं की ही ठाणी गावांनी नव्हे, वाटांनी ठरवली. गुरंवाले, मेंढरंवाले, नंतर व्यापारी जिथं एकमेकांना भेटत तिथं देव बसला. त्यांनी पुरावा दिला तोही मजेदार. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात पहिल्याच अंकात नायक चारुदत्त मित्राला, मैत्रेयाला सांगतो, चव्हाट्यावर मातृकांना, म्हणजे मातृदेवींना, बळी ठेवून ये. तुमच्या सात आसरा त्याच कुळातल्या. मावळात त्यांना मावळाया म्हणतात, आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखात त्या भागाचं नाव 'मामाल' असं येतं. कोसंबींनी या दोन्हींची सांगड घातली होती.

तुमच्याकडची मेंढरं अजून दिवाळीनंतर पश्चिमेला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तुमची गाडीवाट त्यांच्या वाटेवर आहे का, बघा. मी पैज लावतो, असणार.

म्हसोबाचं कोडं वेगळंच. महिषासुर तो हाच म्हणतात. देवळात देवी ज्याच्या छातीवर पाय देऊन उभी, तोच बांधावर येऊन दहीभात खातो. आपल्याकडं याचं कुणाला काही वाटत नाही, मला हे फार आवडतं.

आणि असा देव व्हायला जुनं असावंच लागतं असंही नाही. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर, काम झाल्यावर त्यालाच मारलं, अशी कथा. लहानपणी एसटीचा ड्रायव्हर तिथं खिडकीतून नाणं टाकायचा, चाळीस माणसं गप्प बसायची तेवढं.

तळकोकणातली

आईंना माझा पाठिंबा. शिवेवरचा देव गावात आणला तर शीव कोण राखणार? आमच्या आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून वहाणांचे तळवे झिजतात असं लहानपणापासून ऐकलंय. गाऱ्हाणं घालतानाही आधी शिवेचा, वेशीचा, चव्हाट्याचा असं सगळ्यांना हाक मारत यायचं, "बा देवा म्हाराजा…" आणि मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!"

माझं सासर गोव्यात, बार्देशात. तिथं वाटेवर खुरीस, म्हणजे क्रूस. मे महिन्यात त्याला रंग लावतात, फुलं घालतात, संध्याकाळी लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रार्थना, म्हणतात. मग उकडलेले चणे आणि मोठ्यांना फेणी. आमच्या सासूबाई हिंदू, पण जाता-येता मेणबत्ती लावायच्याच. राखणदार तो राखणदार.

सरळमार्गी

सगळं छान. पण अशाच दगडाला उद्या चौथरा, परवा पत्रा, तेरवा लाउडस्पीकर येतो आणि रस्ता अडतो. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सांगितलंय, सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही, जुन्यांचं राज्यांनी एकेक बघून ठरवायचं. वीरगळ संग्रहालयात द्या, नारळ घरात फोडा.

माणदेशी_बांधकरी

सगळ्यांचे आभार. सरळमार्गी, चौथऱ्याबद्दल तुमचं पटलं. चुलत्यांनी फरशी आणि नावाची पाटी सुचवली होतीच, मोडून काढली.

पायवाट, पैज जिंकलात. मेंढकं दरसाल आमच्याच लिंबाखाली थांबतात, खत आम्हाला, निवद त्याला.

लिंब रस्त्यात गेला. त्याच शिवेवर, आमच्या हद्दीत चाळीस पावलं आत, काल अमावस्येला दगड उभा केला. ब्रश नाही, ॲसिड नाही. जेवढा शेंदूर सुटला तेवढा सुटला. आईनं तेलात खलून वरच्या चंद्र-सूर्यावर एक बोट लावलं आणि थांबली. म्हणाली, खालचा माणूस दिसू दे. गुरांवरून मात्र तिनं दोनदा हात फिरवला.

आसरांचे गोटे सहाच सापडले. सातवा मुरमात दबला असणार, आम्ही दोघं भाऊ तासभर उकरत होतो. शेवटी आई ओढ्यात उतरली, एक गोटा उचलला, धुतला, चुन्याची बोटं ओढली आणि ओळीत ठेवला. आज सकाळी पाणी द्यायला गेलो तर नवा कुठला ते मलाच ओळखता येईना.