मानदुखीसाठी मसाज, ग्रीवा बस्ती की सुया? आणि झटका देऊन मणका ‘बसवून’ घ्यावा का?

कोरांटी
बहिणीचं वय ४४, दिवसभर कॉम्प्युटरवर काम. चार महिने मान दुखतेय, कळ उजव्या खवाट्यापर्यंत उतरते, सकाळी मान आखडलेली असते. हाताला मुंग्या नाहीत. एक्स-रेमध्ये सी-५ आणि सी-६ (मानेचा पाचवा आणि सहावा मणका) मधली जागा किंचित कमी आणि मानेचा बाक सरळ झालेला दिसतो. डॉक्टरांनी गोळ्या आणि व्यायाम सांगितलेत. नातेवाइकांपैकी कुणी ग्रीवा बस्ती (मानेवर पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल धरून ठेवणं) सुचवतं, कुणी ॲक्युपंक्चर. एक जण तर एका झटक्यात मणका बसवून देणाऱ्याकडे न्यायला निघालेत. काय करावं, काय टाळावं?

फिजिओ_कोल्हापूर
एक्स-रेला घाबरू नका. चाळिशीनंतर दोन मणक्यांमधल्या गादीची जागा थोडी कमी झालेली काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसते.

झटक्याचा बेत मात्र आजच रद्द करा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्यापाशी वळण घेतात. मान जोरात फिरवली की तिथे धमनीच्या अस्तराला चीर पडू शकते, गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण कुणाच्या बाबतीत घडेल ते आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी नाही. ‘कट्’ आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, हेही खरं नाही. तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होतानाचा आवाज असतो. सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान मोडून घेतात, त्यालाही हेच लागू.

मसाजचा उपयोग होतो, पण आराम काही तास ते काही दिवस टिकतो. खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात बहुधा गाठीसारखी दुखरी जागा सापडेल. तिथे अंगठ्यानं ३० ते ६० सेकंद स्थिर दाब द्यायचा. दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही. मानेच्या पुढच्या बाजूला आणि थेट मणक्यावर दाब नको. दोन दिवसांनंतरही अंग ठणकत असेल तर जोर जास्त झाला.

मसाजनंतर मान मोकळी असते तेव्हाच व्यायाम करून घ्या, कारण टिकाऊ फरक व्यायामानंच पडतो. उताणं झोपून, डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढीच हनुवटी आत घ्यायची. १० सेकंद धरायचं, असं १० वेळा. गळ्याच्या बाजूचे स्नायू ताठ उभे राहिले तर जोर चुकीच्या स्नायूंवर येतोय, तेव्हा हालचाल निम्मी करा. जोडीला बसून दोन्ही खवाटे मागे आणि किंचित खाली ओढणं, ५ सेकंद, १० ते १५ वेळा. सहा ते आठ आठवडे नेमानं केल्याशिवाय निकाल ठरवू नये.

वैद्य_मिरज
ग्रीवा बस्ती आखडलेल्या मानेला चांगली, पण नीट केली तर. उडदाचं पीठ पाव ते अर्धा किलो, घट्ट मळलेलं. त्याचं दोन-अडीच इंच उंचीचं कडं मानेच्या मागे बसवायचं आणि आतबाहेरून ओल्या बोटानं सांधायचं. पीठ सैल झालं की तेल हमखास गळतं. केस असतील तिथे कडं धरत नाही, म्हणून केस वर बांधून घ्यावेत. महानारायण किंवा तत्सम तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, थेट गॅसवर नको. ओतण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. तेल ३० मिनिटं तरी कोमटच राहावं, त्यासाठी थंड झालेलं थोडं थोडं काढून गरम घालत राहावं लागतं. याच टप्प्यावर घाई होते आणि चटका बसतो.

पालथं झोपताना मान एका कुशीवर वळवू देऊ नका, कपाळाखाली घडी घालून नाक मोकळं ठेवा. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेली असेल, त्वचेवर जखम किंवा अंगात ताप असेल तर करू नये. आणि बस्तीनं झिजलेली गादी भरून येते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सुईदोरा_नाशिक
ॲक्युपंक्चर किंवा ड्राय नीडलिंग (औषध न सोडता दुखऱ्या स्नायूत नुसती सुई टोचणं) करायचं तर दोन गोष्टी बघा: सुई प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी, आणि करणाऱ्याला शरीररचनेचं रीतसर शिक्षण हवं. मान आणि खांदा यांच्या मधल्या स्नायूखालीच फुप्फुसाचं टोक असतं. तिथे सुई खोल गेली तर छातीत हवा भरते. नंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं तर थेट रुग्णालय गाठायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

कोरांटी
खूप आभार, झटक्याचा बेत रद्द. मानेचा पट्टा घरात आहे, तो लावावा का? आणि पुन्हा डॉक्टरकडे केव्हा न्यायचं?

फिजिओ_कोल्हापूर
पट्टा नको. सतत लावला की स्नायू आणखी ढिले पडतात. शेक १५ मिनिटं, मध्ये टॉवेल ठेवून.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, हाताची ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, तापासोबत मान ताठणं, यांतलं काहीही दिसलं तर मसाज, बस्ती, सुया सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. अचानक कधी नव्हे इतकी मान दुखून चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा.